ज्येष्ठांच्या पायांची पॉवर मोजायची कशी? (ताकद नव्हे, पॉवर)

पाऊलवाट (प्रश्न)

ज्येष्ठ नागरिक संघाच्या आरोग्य शिबिरात पायांची तपासणी ठेवायची आहे. साधारण ६० जण, वय ६५ ते ८४, त्यांत बायका जास्त. हाताची पकड मोजायचं यंत्र आहे, स्टॉपवॉच आहे, वजनकाटा आहे. आयसोकायनेटिक यंत्र (ठरावीक वेगाने सांधा हलवून जोर मोजणारं) किंवा फोर्स प्लेट (पायांचा जमिनीवरचा जोर मोजणारी पाटी) मिळणार नाही.

नुसती ताकद मोजून भागत नाही, उतारवयात पॉवर आधी घसरते आणि पडण्याशी तिचा संबंध जास्त, हे माहीत आहे. खुर्चीतून पाच वेळा उठण्याच्या वेळेवरून वॅट काढायचं एक सूत्र आहे. ते शिबिरात वापरण्याइतकं भरवशाचं आहे का? वापरायचं तर कुठे चुकतं? पकड मोजतोच आहोत, तर त्यावरून पायांचा अंदाज बांधता येईल का?

---

वॅटमोजे

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. पकड हे हाताच्या ताकदीचं माप. त्यात वेग कुठेच येत नाही, पायही येत नाहीत. सार्कोपेनियाच्या, म्हणजे वयाबरोबर स्नायू झिजण्याच्या, छाननीसाठी पकड जरूर मोजा (त्यावरच्या आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९चे निकष: पुरुष २८ किलोच्या खाली, स्त्रिया १८ किलोच्या खाली), पण तो रकाना वेगळा ठेवा.

आता शब्दांचा घोळ. रोजच्या बोलण्यात ताकद आणि शक्ती एकच, पण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य भागिले काळ. इथे ती शक्ती हवी आहे. एखाद्या आजोबांना लेग प्रेसवर बऱ्यापैकी वजन ढकलता येतं, पण तीन सेकंद लावून. ठेच लागली की पाय पुढे टाकायला तीन सेकंद मिळत नाहीत. वयाबरोबर जलद आकुंचन पावणारे तंतू आधी आणि जास्त झिजतात, म्हणून वेगाची बाजू लवकर लंगडी पडते.

तुम्ही म्हणता ते सूत्र २०१८ साली अल्काझार आणि सहकाऱ्यांनी मांडलं:

शक्ती (वॅट) = ०.९ × वजन × ९.८१ × (उंची × ०.५ − खुर्चीची उंची) ÷ (एकूण वेळ ÷ ५ × ०.५)

वजन किलोत, उंच्या मीटरमध्ये, वेळ सेकंदात. ०.९ का, तर पोटऱ्या आणि पावलं वर जातच नाहीत, जवळजवळ नव्वद टक्केच शरीर उचललं जातं. उंचीचा निम्मा भाग म्हणजे अंदाजे पायांची लांबी. त्यातून खुर्ची वजा केली की शरीर किती वर चढलं ते येतं. खालचा ०.५ अशासाठी की एका उठ-बशीतला अर्धा वेळ उठण्याचा धरला आहे.

उदाहरण घ्या. आजी ५८ किलो, १.५० मीटर, खुर्ची ४३ सेंमी, वेळ १४ सेकंद.

चढण: ०.७५ − ०.४३ = ०.३२ मीटर
कार्य: ०.९ × ५८ × ९.८१ × ०.३२ = सुमारे १६४ ज्यूल
एका उठण्याचा वेळ: १४ ÷ १० = १.४ सेकंद
शक्ती: ११७ वॅट, म्हणजे किलोमागे २.०२ वॅट

युरोपातल्या मोठ्या समूहावरून २०२१मध्ये निघालेल्या सीमारेषा आहेत स्त्रियांना किलोमागे २.१ आणि पुरुषांना २.६ वॅट. या आजी किंचित खाली.

शिबिरासाठी सूत्र पुरेसं आहे. चूक होते ती सूत्रात जे आकडे भरतो त्यांच्यात, आणि चूक बारीक असली तरी फळ मोठं येतं. ते पुढच्या प्रतिसादात.

---

मोजपट्टी

वॅटमोजे लिहिणार असतील ते लिहितीलच, पण खुर्चीबद्दल मी आधी बोलतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

वरचंच उदाहरण. खुर्ची ४३ सेंमीची आहे आणि तुम्ही ४६ लिहिली. चढण ०.२९ झाली, किलोमागे १.८३ वॅट आले. तीच ४० लिहिली तर २.२१. तीन सेंमी इकडेतिकडे आणि आजी सीमेच्या या बाजूला की त्या बाजूला ते ठरलं! म्हणून ‘साधारण ४५ची असेल’ असं चालत नाही.

प्लॅस्टिकची मंडपातली खुर्ची आणूच नका. तिची बैठक मागे उतरती असते, बसल्यावर पाय फाकतात आणि पुढच्या कडेची उंची मोजली तर ती बूड टेकतं तिथली नसतेच. लाकडी किंवा लोखंडी, सपाट बैठकीची, बिनहातांची खुर्ची घ्या. गादी काढून टाका. जमीन ते बैठक ही उंची बूड जिथे टेकतं तिथे मोजा, खुर्चीच्या पाठीवर मार्करने लिहा आणि सगळ्या ६० जणांना तीच खुर्ची द्या. दोन टेबलं लावणार असाल तर दोन्ही खुर्च्यांची उंची वेगवेगळी नोंदवा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. शहाबादी फरशीवर ती मागे सरकते, आणि ती सरकली की माणूस पडतो.

बुटक्या बायकांचे पाय टेकत नाहीत. अशा वेळी पायाखाली घट्ट, न हलणारी फळी द्या आणि फळीची जाडी खुर्चीच्या उंचीतून वजा करा. ४३ची खुर्ची, ३ सेंमीची फळी, तर तक्त्यात ४०.

---

पाऊलवाट

खुर्चीचं लक्षात आलं. घड्याळ कधी थांबवायचं? एसपीपीबीमध्ये (तोल, चालणं आणि खुर्चीतून उठणं यांना गुण देणारी ज्येष्ठांची चाचणी) पाचव्यांदा उभं राहिल्यावर थांबवतात. तसंच करू ना?

---

वॅटमोजे

इथे थांबा, हा खड्डा आहे.

सूत्र वेळेला दहाने भागतं: पाच उठणं आणि पाच बसणं. तुम्ही पाचव्यांदा उभं राहिल्यावर घड्याळ थांबवलं तर पाच उठणं आणि चार बसणं झालं, म्हणजे नऊ भाग. चौदा सेकंदांच्या जागी साधारण १२.६ येतील. ते तसेच सूत्रात टाकले तर किलोमागे २.२४ वॅट. माणूस तोच, पाय तेच, आणि निकाल ‘ठीक’.

दोन्ही पद्धती चालू आहेत. वॅट काढायचे असतील तर पाचव्यांदा बूड टेकलं की थांबवा, किंवा उभ्याने थांबवून दहाऐवजी नऊने भागा. एसपीपीबीचे गुणही हवे असतील तर लॅपचं बटण वापरा: पाचव्या उभ्याला लॅप, पाचव्या बैठकीला थांबा. दोन आकडे, दोन रकाने. एसपीपीबीत खुर्चीचे चार गुण ११.१९ सेकंदांपर्यंत, तीन १३.६९पर्यंत, दोन १६.६९पर्यंत, त्यापुढे एक. साठ सेकंद उलटले किंवा जमलंच नाही तर शून्य.

आशियाई गटाचा १२ सेकंदांचा निकषही आहे (पाच वेळा उठायला १२ किंवा जास्त सेकंद लागले तर कमी), पण तो वेळेचा आहे, वॅटचा नाही. ते दोन रकाने एकमेकांत मिसळू नका.

---

पायरीवाली

मापं ठीक, पण शिबिरात चाचणी बिघडते ती माणसांच्या वागण्याने. क्रमाने सांगते.

एक, ‘सावकाश उठा हं आजी.’ प्रेमाने बोललेलं हे वाक्य चाचणी मारून टाकतं. आजी खरंच सावकाश उठतात. सूचना एकच ठेवा आणि कागदावर लिहून प्रत्येकाला तीच वाचून दाखवा: ‘हात छातीवर. मी म्हटलं की जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि पूर्ण बसायचं.’ सोबतच्या नातेवाइकांना दोन खोल्या लांब बसवा, ते ‘हळू हळू’ म्हणून ओरडतातच.

दोन, पदर. हात छातीवर घ्यायला सांगितले की तिसऱ्या उठण्याला पदर घसरतो आणि हात पदराकडे जातो. आधी पिन लावून घ्या. साडीत गुडघा सरळ झाला की नाही ते दिसत नाही, म्हणून समोर उभं राहू नका. बाजूला उभं राहून खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत येतात का ते बघा. अर्धवट उभं राहून बसलं तर ते उठणं मोजायचं नाही. दोन वेळा तसं झालं तर थांबवून पुन्हा समजावा.

तीन, चपला काढायला लावा. अनवाणी किंवा घट्ट बूट. उंचीही अनवाणीच मोजायची.

चार, घड्याळ कोणत्या क्षणाला सुरू? तुमच्या ‘सुरू’ या शब्दाला, माणूस हलल्यावर नाही. दोघे जण मोजणार असाल तर आधी एकमेकांवर दहा-दहा वेळा सराव करा. एकाचा अंगठा शब्दाबरोबर दाबतो, दुसऱ्याचा हालचाल बघून.

आधी एकदाच उभं करून बघा, हातांचा आधार न घेता. तेवढंही जमलं नाही तर पुढे जाऊ नका. तक्त्यात ‘जमले नाही’ लिहा. शून्य वॅट लिहू नका, रकाना रिकामाही ठेवू नका. रिकामा ठेवला की नंतर सरासरी काढणारा त्यांना वगळतो, आणि सगळ्यात कमजोर माणसं गळून संघाची तब्येत कागदावर छान दिसते.

मोठ्याने आकडे मोजायला लावा. श्वास कोंडला जात नाही, आणि तुम्हीही मोजणं चुकत नाही.

---

गोळीचा_डबा

सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

शिबिरात उपाशीपोटी साखर तपासायला रक्त घेतात. लोक सकाळपासून काही न खाता आलेले, त्यातले काही इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर. त्यांना खुर्चीवर पाच वेळा उठबस करायला लावणं म्हणजे चक्कर विकत घेणं. रक्त द्या, नाश्ता करा, मग पायांचं टेबल. उलट क्रम नको.

रक्तदाब बसून घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा २० किंवा खालचा १० ने पडला तर त्या दिवशी चाचणी नाही, डॉक्टरांकडे पाठवा. हा वेळ फुकट जात नाही, पडण्याचं ते स्वतंत्र कारण आहे.

नुकताच हृदयविकाराचा झटका, छातीत दुखणं, ताजं हाड मोडलेलं, खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झालेले: यांना वगळा. गुडघेदुखी असेल तर वगळू नका, पण दुखणं ० ते १० मध्ये विचारून आकड्याशेजारी लिहा. दुखणाऱ्या गुडघ्याचे वॅट हे स्नायूचे नसतात, दुखण्याचे असतात. आणि एक माणूस कायम खुर्चीच्या बाजूला, हात तयार ठेवून. घड्याळवाला तो नव्हे.

---

काटेकोर

सूत्र नीट बघितलंत का? किलोमागे वॅट काढताना वजन वर आहे आणि खालीही आहे. कटतं! राहतं इतकंच:

किलोमागे वॅट = ८.८३ × (उंची ÷ २ − खुर्ची) ÷ (वेळ ÷ १०)

म्हणजे तुमचा वजनकाटा चार किलो चुकला तरी किलोमागचा आकडा हलत नाही. उलट उंचीची पट्टी चुकली तर सगळं चुकलं. १४ सेकंद घेणाऱ्या दोन बायका घ्या. १.४२ मीटरच्या बाईला १.७७ वॅट आणि १.६२ मीटरच्या बाईला २.४०. उंच बाई खरोखरच जास्त चढते, त्यामुळे हे अन्यायाचं नाही. पण सीमारेषा युरोपातल्या उंचीच्या माणसांवरून आल्या आहेत. आपल्याकडच्या ठेंगण्या आज्यांना तो २.१चा आकडा लावून ‘कमजोर’ असा शिक्का मारू नका. सावधगिरीची खूण म्हणून ठेवा, शेजारी १२ सेकंदांचा निकषही बघा.

यातली दुसरी गोम पाठीच्या पोकाची. मणके दबले, पाठ वाकली, उंची सहा सेंमीने घटली. पाय तेवढेच लांब आहेत, पण सूत्र म्हणतं उंचीचा निम्मा, म्हणून चढण तीन सेंमीने कमी. १.५०च्या आजी पट्टीवर १.४४ भरल्या तर २.०२चे १.८३ होतात. पाठ वाकलेली दिसली की आजची उंची आणि दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर, दोन्ही लिहा. वॅट काढायला उंचीच्या जागी हा हातांचा पसारा घ्या आणि पुढच्या वेळीही तोच घ्या.

---

पाऊलवाट

वजन कटतं हे लक्षातच आलं नव्हतं. मग वजन लिहायचं तरी कशाला?

---

काटेकोर

नुसत्या वॅटसाठी. ५८ किलोच्या आजी आजारपणात ५२ किलोच्या झाल्या आणि वेळ १४ सेकंदच राहिला. किलोमागे २.०२ तसेच, पण एकूण वॅट ११७वरून १०५ वर आले. हलकं शरीर उचलायला तेवढाच वेळ लागतोय, म्हणजे इंजिन छोटं झालंय. किलोमागचा आकडा हे झाकून ठेवतो. म्हणून दोन्ही रकाने.

---

वॅटमोजे

बरोबर. एक भर: हे वॅट सरासरीचे आहेत, शिखराचे नव्हेत. आणि ‘अर्धा वेळ उठण्याचा’ हे गृहीतक भित्र्या माणसात मोडतं. तो उठतो पटकन आणि बसतो जपून. मोबाइलने बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर फक्त उठण्याचा वेळ मोजता येतो: बूड सुटल्यापासून सरळ उभं राहीपर्यंत. २४० फ्रेमच्या चित्रणात १.१ सेकंद म्हणजे २६४ फ्रेम. साध्या ३० फ्रेमच्या चित्रणात दोन्ही टोकांना तीन-तीन शतांश सेकंदांची चूक बसते.

पण सावधान. आपल्या आजींचं उठणं १.१ सेकंदांत होत असेल तर शक्ती ११७ची १४९ वॅट होते. हा आकडा कदाचित खऱ्याच्या जवळ आहे, तरी तो २.१च्या सीमारेषेशी लावायचा नाही, कारण ती रेषा अर्ध्या वेळेच्या गृहीतकावरच बेतलेली आहे. व्हिडिओचे आकडे त्याच माणसाच्या पुढच्या व्हिडिओशीच तोलायचे.

---

पायरीवाली

जे पटकन दमतात त्यांना ३० सेकंदांची चाचणी नको, पाचचीच बरी. पण संघात तंदुरुस्त सत्तरीतले असतील तर पाच वेळा उठणं सात सेकंदांत संपतं आणि अंगठ्याची चूक मोठी ठरते. त्यांना ३० सेकंदांत किती वेळा उठतात ते मोजा. सूत्रात एकूण वेळ ÷ ५ च्या जागी ३० ÷ संख्या येतं, बाकी सगळं तेच.

जिना हाही एक मार्ग आहे. दहा पायऱ्या, भर्रकन चढायच्या, कठड्याला फक्त हात तयार. वजन × ९.८१ × एकूण चढ ÷ वेळ. दहा पायऱ्या, प्रत्येकी १६ सेंमी, ५८ किलो, ६.५ सेकंद: १४० वॅट. इथे ०.९ नाही, पूर्ण शरीर वर जातं. आपल्या इमारतींमध्ये पहिली आणि शेवटची पायरी हमखास वेगळ्या उंचीची असते, फरशी नंतर बसवलेली. म्हणून प्रत्येक पायरी मोजून बेरीज करा. कठडा ओढून चढलेली चढाई बाद. आणि हे वॅट खुर्चीच्या वॅटशेजारी ठेवून ‘वाढले’ म्हणू नका.

---

पाऊलवाट

सहा महिन्यांनी पुन्हा मोजणार आहोत. फरक खरा की मोजण्यातला, हे कसं ओळखायचं?

---

काटेकोर

स्वतःची चूक स्वतः मोजून. पहिल्या शिबिरानंतर आठवड्याने १५–२० जणांना परत बोलवा, तीच खुर्ची, तोच घड्याळवाला, शक्यतो तीच वेळ. प्रत्येकाचा दुसरा आकडा वजा पहिला. या फरकांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे किती विखुरलेत त्याचं माप) काढा आणि १.९६ने गुणा. समजा विचलन ०.१८ आलं तर उंबरठा किलोमागे ०.३५ वॅट. त्यापेक्षा कमी हललेल्या माणसाला ‘सुधारणा’ किंवा ‘घसरण’ सांगू नका.

फरकांची सरासरीही बघा. ती स्पष्ट वाढीकडे झुकली तर लोक चाचणी शिकले आहेत, पाय सुधारलेले नाहीत. तसं असेल तर पहिल्याच दिवशी एक पूर्ण सराव, मिनिटभर बसणं, मग दोन खऱ्या फेऱ्या, मध्ये पुन्हा मिनिटभर विश्रांती, आणि कमी वेळेची फेरी धरा.

---

गोळीचा_डबा

आणि ज्यांना हात न टेकता उठताच येत नाही त्यांचं काय, हे राहिलं. हात टेकून उठवलं तर वेळ लिहा, पण सूत्रात घालू नका, कारण किती वजन हातांनी उचललं ते कळत नाही. अशांसाठी बसून एका पायाने पेडल ढकलायचं नॉटिंगहॅम पॉवर रिग नावाचं यंत्र बॅसी आणि शॉर्ट यांनी १९९० साली मांडलं. पाय ढकलला की जड चाक फिरतं, त्याच्या वेगावरून वॅट. शरीर उचलावं लागत नाही. तुमच्या शिबिरात ते नसणार, तेव्हा या लोकांची यादी वेगळी काढा आणि फिजिओथेरपीच्या ओपीडीत पाठवा. ६० जणांत आधी तीच यादी बघायची.

---

पाऊलवाट

तक्ता असा केला: वय, लिंग, वजन, अनवाणी उंची, हातांचा पसारा (पाठ वाकली असेल तर), खुर्ची वजा फळी, बसून आणि उभ्याने रक्तदाब, खाल्लं का, दुखणं ० ते १०, पाचव्या उभ्याची वेळ, पाचव्या बैठकीची वेळ, वॅट, किलोमागे वॅट, जमले नाही. काही राहिलं?

---

मोजपट्टी

घड्याळवाल्याचं नाव. आणि कोणती खुर्ची.